झोपलेला गुलब्या

सोनलने फोनवर फोटो पाठवला तेव्हा कमळ गोठ्यात शेण काढत होती. पाठोपाठ लेकीचा फोनही आला. "आई, बघ तरी कोण आलंय आमच्या सोसायटीत! ओळख बरं."

कमळने पदराला हात पुसले आणि फोन लांब धरला. फोटो एका चित्राचा होता. ओळखायला काय वेळ लागतो? उजवं शिंग टोकाशी जरा जास्त वळलेलं, खांद्यावर जुन्या दाव्याचा घट्टा, पाठीचा कणा मध्येच थोडा खचलेला. हौशी. तिची स्वतःची म्हैस, जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. चित्रातली हौशी मान खाली घालून पेंढ्यावर झोपलेल्या रेडकाला चाटत होती.



"ओळखली का?"

"हौशीच हाय," कमळ म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सोनल महाळुंग्याच्या एका मोठ्या सोसायटीच्या ऑफिसात कामाला होती. तिथल्या क्लबहाऊसमध्ये रविवारी नलिनी मॅडमच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. मॅडमनी नाव घेऊन कमळला बोलावलं होतं. "आई, आख्ख्या सोसायटीला सांगितलंय मी, की ही म्हैस आमची. आणि हे पिल्लू म्हणजे आमचा गुलब्या. सगळे तुझी वाट बघतायत." लेकीच्या आवाजात असा काही आनंद होता की कमळला नाही म्हणता येईना. ती "बगू" म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. मग बराच वेळ ती शेणाच्या पाटीपाशी नुसती बसून राहिली.

नलिनीबाई पुण्याच्या. कमळची वस्ती मुळशी धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, धनगरांची, सात घरांची. पंधरा वर्षांपूर्वी बाईंनी वस्तीच्या खाली एक घर भाड्याने घेतलं आणि त्या एकट्याच येऊन राहिल्या. चित्रं काढणारे लोक मुळशीला नेहमीच येतात. कुणी धबधबे काढतं, कुणी डोंगर, कुणी पाण्यावरचं धुकं. ह्या बाई आल्या आणि एवढ्या मोठ्या डोंगराकडे खुशाल पाठ करून गोठ्यात जाऊन बसल्या. वस्तीला आधी हसू आलं. मग सवय झाली.

"माणसांची का न्हाई काढत?" कमळने एकदा विचारलं होतं.

"माणसं मला बघितलं की तोंड नीट करतात," बाई म्हणाल्या. "म्हैस नाही करत."

कमळ तेव्हा पोट धरधरून हसली होती. पण तिला ते पटलं होतं. चित्र म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, म्हैस मात्र पक्की ठाऊक होती. आणि ह्या शहरातल्या बाईलाही म्हैस ठाऊक आहे, हे तिला पहिल्याच चित्रात कळलं. चार पाय आणि दोन शिंगं कुणीही काढेल. बाईंनी म्हशीचा रुसवा काढला होता. पावसाने चार दिवस कोंडून घातलेल्या म्हशीच्या मागच्या पायावरचा कंटाळा काढला होता. कमळला वाटलं, जे मी रोज बघते ते दुसऱ्या कुणालातरी दिसतंय. नवऱ्याला दिसत नाही, सासूला कधी दिसलं नाही, आणि ह्या परक्या बाईला दिसतंय. त्या दिवसापासून ती बाईंची झाली.

मग एक रीतच पडली. चित्र झालं की बाई ते कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगायच्या, त्यावर टॉवेल टाकून तेवढं एक ढुंगण नाहीतर एक कान उघडा ठेवायच्या आणि कमळला हाक मारायच्या. "कोण?" कमळने लांबूनच सांगायचं, "ही बहिरूमामांची, पांढऱ्या शेपटीची." नाहीतर, "ही आमची हौशी, पर आज तिचं पोट बिगडल्यालं दिसतंय." तिने ओळखलं तरच बाई चित्राखाली सही करायच्या. एकदा कमळ म्हणाली, "ही आमच्यातली न्हाई." बाई म्हणाल्या, "खरंय. ही मी घरी बसून मनाने काढली." आणि तो कागद त्यांनी तिच्यासमोर टराटरा फाडला. चौथी शिकलेल्या बाईच्या शब्दाला एवढी किंमत! कमळ चार दिवस जमिनीवर चालत नव्हती.

आता त्या वर्षाचं सांगायला हवं.

त्या वर्षी कमळचा नवरा रामदास हाताला लागून घरी बसला होता. सोनल पिरंगुटला वसतिगृहात राहून शिकत होती. घर चालत होतं ते हौशीवर. खाली पाण्याकाठी नवी हॉटेलं झाली होती, त्यांना दूध हवं होतं, आणि शनिवार-रविवारच्या गिऱ्हाइकाला खरवस हवा होता. अशात हौशी व्याली. टोणगा झाला.

म्हशीला पारडी, म्हणजे मादी रेडकू, झाली की घरात गूळ वाटतात. टोणगा झाला की नुसतं "झाला" म्हणतात. पूर्वी निदान भातखाचरात चिखलणीला रेडा लागायचा. आता त्या वस्तीवरसुद्धा पॉवर टिलर आला होता. टोणगा म्हणजे पिणारं एक तोंड, बाकी काही नाही. त्याला कुणी मारत नाही. मारणं पाप आहे. त्याला फक्त पाजत नाहीत. सड तोंडात द्यायचा, म्हैस पान्हावली की मान धरून ओढून बाजूला घ्यायचं, आणि गोठ्याच्या मागे नेऊन बांधायचं. वर थोडी पेज पाजायची, म्हणजे आपण काहीतरी पाजलं असं आपल्याला म्हणता येतं. त्या गावात आणि आसपासच्या गावांत हे असंच चालत आलेलं आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. कमळला कारणं होती. कारणं कुणाला नसतात?

चिकाचा खरवस हॉटेलात गेला. त्यातलाच एक वाडगा कमळने बाईंनाही नेऊन दिला. बाईंनी बोटं चाटूनपुसून खाल्ला आणि म्हणाल्या, असा खरवस मी जन्मात खाल्ला नाही.

टोणगा मेला. हौशीने धार द्यायचं बंद केलं. दोन दिवस ती नुसती हंबरत राहिली. मग वस्तीवरच्या बहिरूमामांनी नेहमीचा उपाय केला. रेडकाचं कातडं सोलून, राखमीठ चोळून उन्हात ताणलं, आत पेंढा भरला आणि सुतळीने शिवून टाकलं. धारेच्या वेळी ते हौशीच्या पुढ्यात ठेवायचं. वरून मिठाचं पाणी लावायचं, म्हणजे म्हैस चाटत राहते. चाटता चाटता पान्हा सोडते. जनावराला फसवायला फार अक्कल लागत नाही, थोडं मीठ लागतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी नलिनीबाई अचानक गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. खरवस खाऊन पुण्याला गेलेल्या, त्या पंधरवड्याने परत आल्या होत्या.

"अगं बाई, पिल्लू!" त्या म्हणाल्या. "झोपलंय?"

त्यावर कमळने काय करायला हवं होतं ते जगातल्या कुणीही सांगावं. तिने मान डोलावली. "व्हय, झोपलंय. पर जवळ येऊ नगा बरं का. ताजी व्याल्याली म्हस हाय, लाथ घालंल."

"नाव काय ठेवलंस?"

नाव! टोणग्याला कोण नाव ठेवतं? कमळच्या तोंडून जे आलं ते निघून गेलं. "गुलब्या."

मेल्यावर नाव मिळालेलं ते वस्तीवरचं पहिलंच रेडकू असेल.

बाई तीन आठवडे रोज धारेच्या वेळी येऊन दारापाशी बसल्या. गोठ्यात अंधार, उजेड फक्त कौलाच्या फटीतून. कमळ रोज त्यांच्याआधी उठून सुतळीची शिवण भिंतीकडे वळवून ठेवी आणि वर मूठभर पेंढा पसरी. बाई विचारत, गुलब्या काय म्हणतो? कमळ सांगे, लई झोपाळू हाय. एक दिवस बाईंनी पुण्याहून त्याच्या गळ्यात बांधायला छोटं पितळी घुंगरू आणलं. कमळने ते बाईंच्या देखत बांधलं. पेंढा भरलेल्या गळ्याला घुंगरू बांधताना तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या होत्या. बाईंना वाटलं, ही लाजली.

चित्र झालं. बाईंनी दोरीला टांगलं. टॉवेल टाकून फक्त रेडकू उघडं ठेवलं आणि हाक मारली, "कोण?"

आजवर कमळने त्या दोरीपुढे एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

"गुलब्याच की," ती म्हणाली.

बाईंनी सही केली. पुढं महिन्याभरात घरमालकाने जागा विकली, बाई पुण्याला गेल्या, आणि सुट्टीत घरी आलेल्या सोनलने गुलब्या कुठाय म्हणून विचारलं तेव्हा कमळने सांगितलं, पौडच्या माणसाला दिला, चांगल्या घरी पडला. पुण्याला जाताना बाईंनी वसतिगृहात थांबून सोनलला त्याची एवढी वर्णनं सांगितली होती की पोर दोन दिवस रुसून बसली होती.

रविवारी सकाळी कमळ काठाची साडी नेसून निघाली तेव्हा रामदास ओट्यावर बसून दाढी करत होता. त्याने आरशातूनच तिच्याकडे बघितलं.

"जा, बाईस्नी भेट. त्यांचंबी वय झालं असंल. पर उगा तोंड उघडू नगंस."

"मी कशाला उगडतीया?"

"मी वळखतो तुला. तेरा वर्सं झाली. कोण इचारतंय आता?"

कमळने पायांत चपला सरकवल्या. पण एसटीत बसल्यापासून तिने मनाशी एकच गाठ मारली होती. बाईंना सांगायचं. बाईंना एकट्यांना, बाजूला घेऊन. जगात एकाच माणसाने आपला शब्द खरा मानला आणि त्याच माणसाला आपण पेंढा विकला, हे घेऊन मरायचं नाही. बाई काय म्हणतील ते म्हणोत.

पिरंगुटला सोनल स्कूटर घेऊन उभी होती. तिने आईला मागे बसवलं आणि सगळी वाट ती बोलत राहिली. सोसायटीतल्या लहान पोरांना ती सुट्टीत गोष्टी सांगते, त्यात गुलब्याची गोष्ट त्यांना सगळ्यांत जास्त आवडते. गुलब्या पौडहून पळून आईला शोधत डोंगर चढून येतो, अशी तिने रचली होती. मागे कमळ लेकीच्या खांद्याला घट्ट धरून बसली होती. पाठमोऱ्या लेकीला तिचा चेहरा दिसत नव्हता, ते बरंच होतं.

क्लबहाऊस म्हणजे मोठा थंडगार हॉल. फरशी अशी की कमळने दारातच चपला काढल्या आणि सोनलला त्या परत घालायला लावाव्या लागल्या. पण भिंतींकडे बघितल्यावर ती सगळं विसरली. सगळी मंडळी तिथे होती! बहिरूमामांची पांढऱ्या शेपटीची. तीन पायांवर लंगडणारी कुत्री. दोन वर्षं वांझ राहिलेली आणि मग जुळी दिलेली शेळी. लोक हातात ज्यूसचे पेले घेऊन चित्रांपुढून सावकाश फिरत होते, आणि कमळ मात्र लग्नघरात माणसं भेटावीत तशी एकेकीला भेटत होती. "ही मेली बग रेड्याच्या मागं लागून दरीत पडली हुती," ती सोनलला सांगू लागली. दोन बायका थांबून ऐकायला लागल्या. कमळला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

मग ती शेवटच्या भिंतीशी पोचली.

तिथे हौशी होती, सगळ्यांत मोठ्या चित्रात. शेजारी छोट्या पाटीवर एकच शब्द होता, माया. चित्रासमोर एक तरुण बाई कडेवर तान्हं पोर घेऊन उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. गोठ्यातला तो अर्धा अंधार, हौशीच्या जिभेचा ओला चकाकता रंग, पेंढ्यातून वर आलेला छोटा कान, गळ्यातलं पितळेचं घुंगरू. सगळं जसंच्या तसं. कमळने मान वळवली. तिला वाटलं, आत्ता इथून निघावं आणि थेट पिरंगुटपर्यंत चालत जावं.

"कमळ!"

नलिनीबाई खुर्चीत बसल्या होत्या. केस पांढरेधोप, अंग निम्मं झालेलं. उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता. त्यांनी डाव्या हाताने कमळचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"तू पास केलेलीच सगळी आणलीयत बघ. एकही दुसरं नाही." मग त्यांनी हौशीकडे हनुवटी केली. "आणि ते शेवटचं. त्याच्यानंतर इतकं खरं मला काही जमलं नाही."

कमळला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, मला जरा तुमच्यासंगं बोलायचं हुतं. आतल्या अंगाला."

"बोलूया ना. खूप बोलायचंय."

पण तेवढ्यात माईक सुरू झाला. सोसायटीच्या कार्यक्रम समितीच्या जान्हवी मॅडम, ज्यांनी हे सगळं घडवून आणलं होतं, त्या बोलायला उभ्या राहिल्या. कलेविषयी बोलल्या, गावाविषयी बोलल्या, आईपणाविषयी तर फारच बोलल्या. मग म्हणाल्या, "आणि आता या चित्रामागची खरी व्यक्ती. आपल्या सोनलच्या आई." टाळ्या झाल्या. कमळला पुढे नेण्यात आलं, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. जान्हवी मॅडमनी माईक तिच्या तोंडापाशी धरला. "काकू, गुलब्याबद्दल दोन शब्द सांगा ना."

समोर साठ-सत्तर माणसं. पहिल्या रांगेत बाई. बाजूला मोबाईल उंच धरून उभी असलेली सोनल, अभिमानाने फुललेली.

दोन शब्द काय, एक वाक्य पुरलं असतं. लई गुणाचा हुता, एवढं म्हणून खाली उतरता आलं असतं. कमळने तोंड उघडलं आणि बाईंकडे बघितलं. बाई असं बघत होत्या जसं त्या दोरीपाशी बघायच्या.

"ते रेडकू झोपल्यालं न्हाई," कमळ म्हणाली.

सोनलचा उंच धरलेला मोबाईल खाली आला.

"ते मेल्यालं हाय. कातड्यात प्येंढा भरल्याला हाय. म्हस धार देईना झाली की आमच्यात असं करत्यात. वरनं मिठाचं पानी लावत्यात. हौशी त्याला चाटती ती मिठापायी. म्या बाईस्नी खोटं सांगितलं. तीन आठवडं रोज खोटं सांगितलं. गुलब्या म्हनून कुनी नव्हताच."

तिने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आता कुणीतरी शाल काढून घेईल. कुणीतरी म्हणेल, लाज नाही वाटली का गं बाई? तिची त्याला तयारी होती. त्याच्यासाठीच तर ती आली होती.

"माय गॉड," कुणीतरी हळूच म्हणालं.

आणि मग जान्हवी मॅडमनी माईक घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता. "म्हणजे बघा! मेलेल्या पिल्लालासुद्धा ती आई सोडत नाही. पेंढा आहे, तरी चाटतेय. ह्याहून मोठी माया कुठली?" आणि टाळ्या सुरू झाल्या. आधीपेक्षा जास्त. तान्ह्या पोराची ती आई आता उघड रडत होती. लोक पुन्हा चित्राकडे वळले, मोबाईल काढून फोटो घ्यायला लागले. कुणीतरी येऊन कमळचे दोन्ही हात हातात घेतले. "किती प्रामाणिक आहात हो तुम्ही, काकू."

खरं सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. कमळला कुणीतरी अंगावर आणखी एक जाड शाल टाकल्यासारखं झालं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अवो ऐका, संपलं न्हाई अजून. पण एका म्हाताऱ्या गृहस्थांनी प्रेमाने विचारलं, "आजारी होतं का हो बिचारं?" आणि कमळने मान डोलावली.

होय, मान डोलावली. एवढं सगळं करून, एवढ्या लोकांपुढे उभं राहून, पुन्हा मान डोलावली. स्वतःची एवढी किळस तिला त्या गोठ्यातसुद्धा वाटली नव्हती.

लोक खायच्या टेबलाकडे पांगले. नलिनीबाई खुर्चीत तशाच बसून होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, पण हात तसा होता म्हणून ते कुणाला जाणवलं नाही. कमळ जवळ गेली आणि त्यांच्या खुर्चीपाशी खाली फरशीवर बसली. सोनल दोघींसाठी ढोकळ्याच्या बशा घेऊन आली आणि मागे उभी राहिली.

"मी तीन आठवडे त्याच्यासमोर बसले," बाई म्हणाल्या. त्या चित्राकडेच बघत होत्या. "जिवंत जनावर झोपलं तरी असं पडत नाही. कुशी वरखाली होते. मला दिसत होतं ते, कमळ. पण तू होय म्हणालीस, आणि मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुझं ऐकलं."

कमळने मान खाली घातली.

"कशाने गेला?"

"आत्ता त्या म्हाताऱ्या बाबांनी इचारलं न्हाई का," कमळ म्हणाली, "आजा..." आणि थांबली. बाई वाट बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

"भुकेनं," कमळ म्हणाली.

मागे सोनलच्या हातातली बशी कलंडली.

"टोनगा हुता. त्याला पाजला न्हाई. सगळं दूध खाली हाटेलात गेलं. तुमाला खरवस दिला ना म्या, वाडगाभर, त्यो त्याचाच हुता. मागच्या अंगाला बांदून ठिवला. अकरा दिस जगला."

"आई," सोनल म्हणाली. बाकी काही नाही. पण ती खाली बसली नाही, तिने आईच्या खांद्यावर हातही ठेवला नाही. कमळने वळून बघितलं नाही. लेकीचा चेहरा बघायचं तिच्यात बळ नव्हतं. त्या दुधावरच वसतिगृहात राहून पोर शिकली, हे सांगता आलं असतं; पण ते तरी कशाला त्या पोरीच्या गळ्यात बांधायचं? 

टेबलाकडून हसण्याचे आवाज येत होते. कुणीतरी जान्हवी मॅडमचं अभिनंदन करत होतं.

मग बाईंनी डाव्या हाताने पिशवी चाचपली. एक छोटी वही आणि पेन्सिल काढली. वही मांडीवर ठेवली, उजव्या थरथरत्या हातात पेन्सिल धरली आणि डाव्या हाताने तो हात मनगटापाशी दाबून धरला.

"मी पेंढाच काढला ना," त्या म्हणाल्या. "त्याला कुठे काढलं? सांग मला. कसा होता?"

कमळला आधी कळेना. मग कळलं, आणि ती खुर्चीच्या आणखी जवळ सरकली.

"कान मोटं हुतं," ती म्हणाली. "अंगाच्या मानानं लई मोटं."

पेन्सिल कागदावर वेडीवाकडी हलू लागली. कान झाले.

"पाय?"

"म्होरलं गुडघं आत वळल्यालं. उबा ऱ्हाताना लटलट करायचा. शेवटी शेवटी बसूनच असायचा." तिने नाक पदराला पुसलं. "रंग काळा न्हाई, भुरकट. नव्या रेडकाचा असतो तसा."

"तोंड?"

"तोंड निमुळतं. आईवानी."

पेन्सिल सगळीकडून फिरून आली. वहीवर एक लटपटती आकृती उभी राहिली होती, नीट उभीही नाही, गुडघ्यांत वाकलेली. चेहऱ्याच्या जागी मात्र पेन्सिल थांबली.

"त्या चित्रात मी डोळे मिटलेले काढले," बाई म्हणाल्या, "तू झोपलाय म्हणालीस म्हणून. उघडे कसे होते? कसा बघायचा तो?"

कमळने आठवायचा प्रयत्न केला. अकरा दिवस, दिवसातून दोनदा धार. त्याची मान डाव्या हातात, लाळेने ओली, हिसके देणारी. उजव्या हातात धारेची कासंडी. समोर हौशीची कास, सडांतून सुटणारा पान्हा. मागच्या अंगाला बांधायला नेताना पायाखालची वाट. पेज ठेवताना पेजेचं भांडं. सगळं आठवत होतं, अगदी त्या भांड्याचा पोचासुद्धा.

सोनल आता कधी खाली बसली होती कुणास ठाऊक. तीही आईकडे बघत होती.

"कमळ?"

"न्हाई बगितलं, बाई," कमळ म्हणाली. "त्याच्या डोळ्यांत म्या येकदाबी बगितलं न्हाई. बगितलं असतं तर जमलं नसतं."